काठ राहून गेलेला स्कर्ट

तुमच्या घरात जी बाई सगळ्यांचे कपडे शिवते, किंवा शिवत असे, तिच्या अंगाचं माप तुम्हांला ठाऊक आहे का? अंदाजानं सांगू नका. टेप धरून घेतलेलं माप विचारते आहे. खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून घोट्यापर्यंत. तुमच्या शर्टाच्या बाह्या तिनं शिवल्या तेव्हा मनगटावर बरोबर येत होत्या ना? मग तिचा हात किती लांब होता?

हा प्रश्न मला दर हिवाळ्यात पडतो. रायपूरचा हिवाळा तसा पाहुण्यासारखाच, उंबऱ्यावर उभ्या-उभ्या बोलून निघून जाणारा. पण दिवाळी उलटली की एक दिवस सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं, राइस मिलच्या भुशीचा धूर खाली बसून राहतो, आणि गुढ़ियारीतल्या सगळ्या गच्च्यांवर रजया वाळत पडतात. मग मीही लोखंडी पेटी वर नेते. स्वेटर, शाली, बाबांचा मफलर, आणि सगळ्यांत खाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात गुंडाळलेला, चिंचोक्याच्या रंगाचा एक कॉर्डरॉयचा स्कर्ट. तो झटकून दोरीवर टाकायचा आणि बाजूला बसून राहायचं, कारण वारा बीरगांवकडून आला की कारखान्यांची काळी पूड उडत येते आणि कॉर्डरॉयच्या रेघांमध्ये जाऊन बसते. ती ब्रशनं काढावी लागते. एकाच दिशेनं, वरून खाली.

हा स्कर्ट माझ्या आईनं स्वतःसाठी शिवला होता. त्याला पट्टा आहे, चेन आहे, खिसा आहे. खालचा काठ नाही.

ज्या हिवाळ्यात तो शिवला, तो आमच्या शहराचा राजधानी म्हणून पहिला हिवाळा होता. मी सातवीत होते. शहरभर रंगाऱ्यांची चलती होती. जीपगाड्यांवरचं जुन्या राज्याचं नाव पुसलं जात होतं, कालपर्यंत जिथे वेगळंच काही होतं त्या इमारतींवर मंत्रालयाच्या पाट्या चढत होत्या. चौकाचौकांत लोक उभे राहून पाट्या वाचत होते. भोपाळहून बदली होऊन आलेली माणसं सामानाचे ट्रक घेऊन घर शोधत फिरत होती. सगळीकडे ओल्या रंगाचा वास. सगळ्यांनाच काहीतरी नवीन मिळणार होतं, असं हवेत होतं.

आमच्या घरात मात्र त्या दिवसांत खाडाखोड चालली होती. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर सगळाच वेळ, हमालांच्या संघटनेचं काम करायचे. आमची पुढची खोली पत्रकांची होती. छापून आलेले गठ्ठे खाटेखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यामागे. राज्य बदललं तेव्हा जुन्या नावाचा एक अख्खा गठ्ठा हातात राहिला. कागद वाया घालवणं बाबांना पाप वाटायचं. मग आम्ही तिघं जमिनीवर बसून प्रत्येक पत्रकावरचं ‘मध्यप्रदेश’ निळ्या शाईनं खोडत होतो आणि वर रबरी शिक्का मारून ‘छत्तीसगढ़’ करत होतो. आई म्हणाली, “राज्य भेटलं फुकट, अन् शिक्के मारून राहिलो आपण.” बाबा हसले नाहीत. पत्रकाच्या बाबतीत ते कधी हसत नसत.

मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले, हे मी अभिमानानं सांगते. मुळाक्षरांच्या आधी मला ‘माँग’ हा शब्द वाचता येत होता. माझी वह्यांची कव्हरं पत्रकांची, डब्यातली पोळी पत्रकात गुंडाळलेली. शाळेत तेलाच्या डागातून ‘शोषण’ दिसायचं आणि मैत्रिणी विचारायच्या, “तेरे टिफिन में क्या लिखा है रे?” पाण्याचा नळ, सावलीसाठी शेड, पाठीवरच्या बोऱ्याचं वजन कमी करा. या मागण्यांमधली एकही खोटी नव्हती. आजही माझ्या लिहिण्यात जी काही आग आहे, ती त्या खाटेखालच्या गठ्ठ्यांची आहे.

आणि त्या सगळ्या लढायांची लाल बॅनरं आई शिवायची. पायडलचं मशीन खिडकीशी होतं. मांजरपाटासारखं स्वस्त लाल कापड गजांनी यायचं. आई ते जमिनीवर पसरायची, जोडायची, बांबू घालायला दोन्ही टोकांना नळी शिवायची. कापड एवढंसंही वाया जायचं नाही. एक तुकडा असा, दुसरा उलटा, डोक्याकडे पाय करून झोपलेल्या पोरांसारखे ती तुकडे बसवायची. बॅनरच्या कापडाला वरची बाजू नसते, खालची नसते. तिचा हात तसाच घडला होता. बॅनरांखेरीज माझे फ्रॉक, बाबांचे पायजमे, पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्याच मशीनवर. तिच्या स्वतःच्या ब्लाऊजचं माप तिनं कधी घेतल्याचं मला आठवत नाही. जुना ब्लाऊज उसवायचा, त्याच्यावरून नवा कापायचा. मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “स्वतःचं माप स्वतःले घेता येते काय वो पोट्टे? समोरून टेप धरली तं मागून सरकते.”

त्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत नीलमदीदी राहायला आली. भोपाळची. नव्या सचिवालयात तिची बदली झाली होती. एकटी राहणारी, सकाळी खांद्याला पर्स अडकवून भराभरा चालत जाणारी. कधी सलवार-कमीज, आणि कधी घोट्यापर्यंतचा स्कर्ट. पाऱ्यातल्या बायका ती दिसेनाशी होईपर्यंत बघत. आईही बघायची, पण वेगळं बघायची. एकदा ती म्हणाली, “पाहाय, कशी चालते. पाऊल मोजावं लागत नाही तिले.”

आईनं नीलमदीदीचे दोन ब्लाऊज बसते करून दिले. तिनं बदल्यात कॉर्डरॉयचं ते कापड आणून दिलं. भोपाळच्या थंडीसाठी घेतलेलं, तसंच घडीत राहिलेलं.

“भाभी, ये आप रखो. यहाँ तो स्वेटर भी गरम लगता है.”

“मैं क्या करूँगी इसका?”

“कुछ भी. झोला बना लो. बैनर बना लो!” नीलमदीदी हसली. मग थोडं थांबून म्हणाली, “नहीं, बैनर मत बनाना. अपने लिए बनाना.”

ते कापड कितीतरी दिवस मशीनच्या टेबलावर होतं. आई येता-जाता त्याच्यावरून हात फिरवायची. मी त्याच्या रेघांवर नख ओढून खर्र आवाज काढायची आणि ओरडा खायची. हात खाली फिरवला की कापड मांजरीसारखं मऊ आणि उजळ. वर फिरवला की लव उभी राहायची आणि रंग एकदम गडद व्हायचा. त्याच्यावर मी बोटानं माझं नाव लिहायची, आई हातानं पुसायची. तेव्हा आम्हां दोघींना तो खेळच वाटत होता. कापड आम्हांला काहीतरी सांगत होतं, ते कळलं नव्हतं.

एका दुपारी तिनं नीलमदीदीचा एक स्कर्ट मागून आणला. शिक्के चुकलेली, वाया गेलेली पत्रकं तिनं लेई लावून एकमेकांना चिकटवली, त्या मोठ्या कागदावर स्कर्ट पसरला आणि पेन्सिलीनं रेघ मारली. बाजूंना हातानं थोडं वाढवलं. “ती काडी हाय. आपण थोडं बाईमाणूस.” कात्री चालली. कमरेच्या गोलाईवर ‘संगठित हो’ आलं होतं, आणि घेराच्या कोपऱ्यात अर्धवट कापलेली पाण्याच्या नळाची मागणी. मला हसू आवरेना. आईनं तोंडात टाचण्या धरलेल्या, तिला हसताही येईना.

आणि मग तिनं ती चूक केली. पुढचा भाग एका टोकाला कमर ठेवून कापला. मागचा, कापड वाचावं म्हणून, उलटा. डोक्याकडे पाय करून. बॅनरासारखा.

जोडून उलगडल्यावर ते दिसलं. पुढचा भाग उजळ तपकिरी, मागचा जवळजवळ काळा. एकाच कापडाचे, एकाच कात्रीचे दोन भाग, आणि दोन वेगळ्या बायकांचे वाटावेत असे. पुढे लव खाली वाहत होती, मागे वर. नीलमदीदीनं दारातूनच पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “अरे भाभी! इसमें तो सब एक ही तरफ काटते हैं!”

मला वाटलं आई रडेल. उरलेलं कापड पुरेसं नव्हतं. ती तो स्कर्ट हातात धरून उजेडाकडे गेली, पुढून पाहिला, मागून पाहिला. मग म्हणाली, “असू दे. समोरून बी मीच, मागून बी मीच. मागची जराशी सावळी हाय, बस.”

उरल्या तुकड्याचा तिनं खिसा केला. आतलं अस्तर पाहिजे होतं, तर बॅनरमधून उरलेलं लाल कापड लावलं. बाहेरून काही दिसत नाही. हात घातला की लाल. खिसा झाल्यावर तिनं स्कर्ट नुसता कमरेला धरला, उजवा हात खिशात घातला आणि तशीच उभी राहिली. तिच्या साड्यांना खिसा नव्हता, ब्लाऊजला नव्हता. तिच्या चाव्या पदराच्या गाठीत, बसचं तिकीट ब्लाऊजमध्ये, रुमाल कमरेला. हात मोकळा ठेवायला तिला जागाच नव्हती. खिशात हात घालून आई खिडकीबाहेर बघत होती. कुठलीही घाई नसलेलं माणूस जसं बघतं, तसं. तिला मी तसं बघताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

“कुठं घालशील?” मी विचारलं.

“तेलीबांध्याले जाईन. तळ्याच्या काठानं चक्कर मारीन, नीलमसंग. तिकडं कोण ओळखते मले?”

त्या वेळचं तेलीबांधा म्हणजे आजचं नव्हे. आज तिथे दिव्यांची माळ आहे, फिरायला फरशीची वाट आहे, संध्याकाळी आइस्क्रीमच्या गाड्या लागतात. तेव्हा चिखल, झोपड्या, म्हशी. पण आईच्या बोलण्यात ते तळं फार मोठं आणि फार लांब होतं.

बाबांना ती जेवताना म्हणाली. मी तिथेच होते.

“मी एक स्कर्ट शिवून राहिले.”

“पोट्टीले?”

“मले.”

बाबांचा घास थांबला नाही, पण हळू झाला. “घरी घालाले?”

“बाहेर बी.”

“लोकं काय म्हणतीन?”

“घरी गाऊन घालतो आम्ही, तेव्हा लोकं काही म्हणत नाहीत. त्याच गाऊनवर ओढणी टाकून दुधाले जातो. मंग स्कर्टानं काय घोडं मारलं?”

बाबांना हसू आलं. “मी कुठं नाही म्हणतो? घाल ना. फक्त आता जरा लोकं येऊन राहिले घरी, मोर्चा तोंडावर हाय. थोडं निवलं की घाल.”

फक्त आता जरा. हे तीन शब्द मी पुढे आयुष्यात फार ऐकले, फार सभांमध्ये, फार चांगल्या माणसांच्या तोंडून. नकाराला निदान भांडता तरी येतं. याला कुठून धरणार?

कॉर्डरॉय जड असतं. घेरदार कापलं की शिवल्यावर ते आपल्या वजनानं खाली येतं, कुठे जास्त, कुठे कमी. म्हणून काठ लगेच करत नाहीत. स्कर्ट एक-दोन दिवस टांगून ठेवतात. आईनं तो दारामागच्या खिळ्याला टांगला. मला म्हणाली, “येऊ दे त्याले जेवढं यायचं तेवढं. घाईनं काठ कापला तं मागून लोंबते.” मग तो घालायचा, आणि दुसऱ्या कोणीतरी जमिनीवर बसून, पट्टी उभी धरून, सारख्या उंचीवर खुणा करत गोल फिरायचं. हे काम ज्याचा कपडा त्याला करता येत नाही. वाकलं की कापड हलतं. अंगावर स्कर्ट घालून बाईनं सरळ उभं राहायचं, समोर बघायचं, आणि दुसऱ्यानं तिच्या पायाशी बसायचं.

एका संध्याकाळी आई मधल्या खोलीत पाटावर उभी राहिली. अंगात नेहमीचा ब्लाऊज, वर बाबांचा जुना स्वेटर, आणि खाली तो स्कर्ट. मी खाली माझी शाळेची पट्टी घेऊन. खडू कॉर्डरॉयवर नीट उठत नव्हता, म्हणून टाचण्या लावत होते. समोरून सुरुवात केली. ती पुतळ्यासारखी उभी, फक्त तिची पावलं दिसत होती मला. टाचांना भेगा, अंगठ्याजवळ पायडलनं पडलेला घट्टा.

“सरळ उभी राहा, आई.”

“हावच ना सरळ.”

“हलू नको.”

“तू बोलू नको, मंग मी हलत नाही.”

पुढचा भाग झाला. उजव्या शिवणीपासून डाव्या शिवणीपर्यंत टाचण्यांची ओळ लागली. मी मागे सरकणार, एवढ्यात दार ढकललं गेलं आणि बाबा आत आले. त्यांच्यामागे धक्क्यावरची चार माणसं, सगळ्यांच्या पुढे हमालांचे मुकादम बिसाहू कका. त्यांच्या केसांत तांदळाची पांढरी धूळ होती.

“भउजी, बैनर बन गे का?” ते दारातूनच म्हणाले, आणि मग त्यांना आई दिसली. पाटावर. त्यांनी लगेच नजर खाली घातली. भला माणूस होता. पण मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, भाभी तो मेमसाब बन गईं! राजधानी है भई!”

हशा झाला. वाईट हशा नव्हता तो. दिवसभर बोरे उचलून आलेल्या माणसांचा होता. बाबाही हसले. आईसुद्धा हसली. आणि हसत-हसतच पाटावरून उतरली, शाल ओढून कमरेभोवती गुंडाळली, म्हणाली, “बसा, चहा ठेवते. बॅनरची एकच शिवण राहिली हाय.”

ती आत गेली. साडी नेसून बाहेर आली. मशीन सुरू झालं, आणि ती लाल कापड पुढे सरकवत राहिली. स्कर्ट खिळ्यावर गेला, टाचण्यांसकट.

मोर्चा चांगला झाला. नवीन राज्यातला आमच्या धक्क्यावरचा पहिला मोर्चा होता. आईची बॅनरं सगळ्यांत पुढे होती, आई मध्ये कुठेतरी, घोषणा देत. नंतर मालधक्क्यावर टिनाची शेड आली आणि पाण्याचा नळ आला. तो नळ अजून आहे. मी तिकडून गेले की ओंजळ लावून त्याचं पाणी पिते. त्या पाण्यात माझ्या आईची शिलाई आहे, हे मला माहीत आहे.

पण मला कोणी असं सांगू नका की नळ आणि काठ यांत निवड करायची होती. लोक सांगतात. फार समजूतदार चेहऱ्यानं सांगतात, मोठ्या लढ्यात छोट्या गोष्टी राहतात. मी सुईदोरा धरू शकते, म्हणून मला ठाऊक आहे: काठ मुडपून तुरपाई करायला एक निवांत दुपार लागते. एवढी एक दुपार त्या लढ्याकडे नव्हती, असं नाही. त्या खोलीत आलेल्या पाच पुरुषांपैकी एकानं जरी म्हटलं असतं, “चालू द्या वहिनी, आम्ही बाहेर थांबतो,” तर ती दुपार त्याच संध्याकाळी मिळाली असती. आमच्या पत्रकांत स्त्रियांवर एक परिच्छेद असायचा. शेवटून दुसरा. त्याच्यानंतर लगेच ‘मोठ्या संख्येनं या’ असं असायचं. आई तर आधीच घरात होती. तिला आणखी कुठे या म्हणणार होतो आम्ही?

त्यानंतर मी पुष्कळदा म्हटलं, “आई, ये ना, मागच्या खुणा करू.” ती म्हणायची, “करू वो. निवू दे.” नीलमदीदीला सरकारी क्वार्टर मिळालं, ती गेली. जाताना तिनं खिळ्याकडे पाहिलं. खिळ्यावर स्कर्टाच्या वर एक साडी आली, साडीवर बाबांची पिशवी, पिशवीवर छत्री. पुढच्या हिवाळ्यात आईनं तो काढून पेटीत ठेवला. तिच्या हातात तो मी त्यानंतर पाहिला नाही.

आणखी काही हिवाळे आई होती. मग तिच्या पोटात दुखायला लागलं, तिनं ते ‘निवू दे’ म्हणत अंगावर काढलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत निवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी ती इतकी बारीक झाली होती की ब्लाऊज खांद्यावरून उतरायचे. शेजारणीनं विचारलं, बारीक करून देऊ का, माप द्या. माप कोणाकडे होतं?

या वर्षी पेटी उघडली तेव्हा बाबा गच्चीवरच उन्हात बसले होते. निवृत्त झालेत. आवाज बसलाय, पण अजून पत्रक हातात आलं की पेन काढून दुरुस्त्या करतात. मी स्कर्ट दोरीवर टाकला. त्यांनी चष्मा वर केला.

“हे कोणाचं?”

“आईचं.”

“तुह्या मायनं स्कर्ट घातला कधी?”

“एकदा. अर्धा तास. तुम्ही सगळे आत आलात तेव्हा.”

त्यांना आठवेना. खरंच आठवेना, ते बनाव करणारे नाहीत. मोर्चा आठवला, मार्ग आठवला, त्या दिवशी कोण बोललं ते सगळं आठवलं. पाटावरची बाई आठवली नाही. ते उठून दोरीपाशी आले, स्कर्टावर हात ठेवला, आणि वर फिरवला. बोटांच्या मागे काळी रेघ उमटली. तिच्याकडे पाहत राहिले. मग तळहातानं खाली पुसली.

टाचण्या मी केव्हाच काढल्या आहेत, पण त्यांचा गंज कापडावर राहिलाय. पुढच्या भागावर, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत, बारीक तांबूस ठिपक्यांची एक ओळ. जमिनीपासून सारख्या उंचीवर असलेली, जगातली माझ्या आईची एकुलती एक मोजणी. मागच्या भागावर काही नाही. नुसती गडद, उलटी लव.

“काठ करून घे ना,” बाबा म्हणाले. “तू घाल. मी खुणा करून देतो. बसता येते मले अजून खाली.”

“मागचा काठ तिच्या अंगावरूनच ठरणार, बाबा. ती कशी उभी राहायची, त्याच्यावरून. पुढचं माप मागे चालत नाही. निदान तिची उंची कळली तर अंदाज येईल. किती होती?”

“तुह्याएवढीच.”

“नाही. मी तुमच्यावर गेले.”

बाबा सरळ उभे राहिले. बाजूला कोणीतरी उभं आहे असा उजवा हात त्यांनी वर केला, तळवा जमिनीकडे, खांद्याच्या उंचीवर. मग थोडा वर नेला, कानाच्या पाळीपर्यंत. मग परत खाली, दंडापर्यंत. या माणसाला कुठल्या जातीच्या धानाचा बोरा किती वजनाचा असतो ते आजही तोंडपाठ आहे. त्या उन्हात त्यांचा हात एका नसलेल्या डोक्यावर ठरायला जागा शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. शेवटी तो तसाच अधांतरी राहिला. मी दोरीकडे तोंड फिरवलं. ब्रश घेतला आणि काळी पूड काढायला लागले, वरून खाली, एकाच दिशेनं. मागच्या बाजूला मात्र खालून वर काढावी लागते.

स्कर्ट पुन्हा पेटीत गेला आहे. काठ मी केलेला नाही, करणारही नाही. तो कापला तर माझ्या मापाचा होईल, आणि ती गंजाची ओळ दुमडीत जाईल.

मी पत्रकांवर वाढले. पत्रकाच्या शेवटी आवाहन असतं, आणि आवाहन केल्याशिवाय मला थांबता येत नाही. म्हणून हे.

तुमच्या घरातली ती बाई अजून असेल, तर आज टेप घ्या. तिला पाटावर उभी करा. ती म्हणेल, कशाला, राहू दे, आता जरा कामं आहेत. ऐकू नका. खाली बसा, तिच्या पायाशी. पुढून माप घ्या, आणि मग उठून मागे जा, मागूनही घ्या, पूर्ण गोल. तेवढ्यात दार वाजेल. वाजतंच. कितीही मोठं काम घेऊन कोणी आलेलं असो, तिला खाली उतरू देऊ नका. बसल्या जागेवरून ओरडून सांगा: थांबा बाहेर, माप चालू आहे.